‘इंग्रजीवर भागतं, भाषा कशाला शिकायची?’ या मेसेजला उत्तर

बेळगावातल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. ज्यांच्या घरातलं कुणी शिकायला, नोकरीला किंवा फिरायला परदेशी निघालंय, त्यांच्याकडं तर तो दोन-दोनदा येतोय. म्हणणं थोडक्यात असं : जाण्याआधी तिथली भाषा शिकण्यात वेळ घालवू नका. इंग्रजी सगळीकडं चालतं. अडलंच तर फोन भाषांतर करतो. दोन-तीन महिन्यांत कुठलीच भाषा येत नाही, तिथं राहिलं की ती आपोआप येते. आणि तोडकंमोडकं बोलाल तर लोक हसतील.

माझा भाचा नर्सिंग करून जर्मनीला जायच्या तयारीत आहे. त्याच्याबरोबरच्या दोघांनी हा मेसेज वाचून जर्मनचा क्लास सोडला, म्हणून हे लिहायला बसलो.

इंग्रजी चालतं हे विमानतळापुरतं, मोठ्या हॉटेलापुरतं खरं आहे. दुबईत तर हिंदीवरही निभतं, तेही मान्य. पण जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळायला साधारण बी-२ पातळीचं (युरोपातल्या भाषापरीक्षांच्या सहा पायऱ्यांपैकी चौथ्या पायरीचं) जर्मन लागतं. तिथं घरात राहायला गेलं की दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद करायची असते, आणि त्यानंतर सरकारी कचेऱ्यांतून जी पत्रं येतात ती जर्मनमध्येच. जपाननं २०१९ पासून कुशल कामगारांसाठी जो व्हिसा सुरू केला, त्यालाही बहुतेक कामांत जपानीची परीक्षा द्यावी लागते. म्हणजे क्लास सोडणाऱ्या या दोघांचं इथंच, निघण्याआधीच अडलं.

फिरायला जाणाऱ्यांनीही ऐकावं. आपल्या भागात जैन आणि लिंगायत घरं कितीतरी आहेत, ज्यांना मासाही चालत नाही. जपानीत मांसाला ‘निकू’ म्हणतात, पण त्यात मासा सहसा धरत नाहीत. ‘निकू नको’ एवढंच सांगितलं तर समोर येणाऱ्या मिसो सूपमध्ये बहुतेकदा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. स्पेनमध्ये साध्या मिश्र सॅलडवर टूना मासा घालून देतात. त्यांच्या लेखी त्यात काही गैर नाही. ‘मांस, मासा, माशाचं पाणी, काहीच चालत नाही’ हे अख्खं वाक्य त्यांच्या भाषेत पाठ हवं.

फोन पाटी वाचायला, औषधाच्या डबीवरचं समजून घ्यायला उत्तम. मीही वापरतो. पण मराठीतून जर्मनमध्ये जाताना हे भाषांतर अनेकदा मधे इंग्रजीतून जातं. मराठीत आपण ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळं ठेवतो, जर्मनमध्येही ‘दू’ आणि ‘झी’ असा तोच भेद आहे. इंग्रजीच्या ‘यू’मध्ये तो बुडतो. ऐंशी वर्षांच्या आजीला कधी ‘दू’ म्हणायचं, कधी नाही, हे तिच्या उशाशी उभ्या असलेल्या परिचारिकेला स्वतःलाच कळायला हवं.

आता दोन-तीन महिन्यांत काही येत नाही या म्हणण्याकडं येतो. अस्खलित येत नाही, हे कबूल. पण आपण बेळगावकर कोऱ्या पाटीनं सुरुवात करत नाही, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. जर्मनमधली तीन लिंगं पाहून इंग्रजीवाले डोकं धरतात. आपण तो, ती, ते लहानपणापासून बोलतोय. मुलीला जर्मनमध्ये नपुंसकलिंगी शब्द आहे म्हटल्यावर भाचा पहिल्यांदा चक्रावला. मी म्हटलं, अरे, आपण ‘ते पोरगं’ म्हणतोच की! आकड्यांचंही तसंच. जर्मनमध्ये एकवीसला ‘आइन-उंड-झ्वान्झिग’, म्हणजे एक आणि वीस. आपल्या ‘एकवीस’मध्येही एक आधी, वीस नंतर. कानडीत ते उलट, ‘इप्पत्तोंदु’, वीस आधी. ज्यानं खडेबाजारात दोन्ही आकडे ऐकलेत, त्याला तिसरी पद्धत शिकायचीच नाहीये.

जपानीत तर वाक्याची बांधणीच आपली. क्रियापद शेवटी आणि शब्दांमागं विभक्तीसारखे प्रत्यय. आपण ‘येतो म्हणून सांगितलं’ म्हणतो, कानडी माणूस त्याच जागी ‘अंत’ घालतो, आणि जपानीत होतं ‘कुरु तो इत्ता’ : येतो, म्हणून, सांगितलं. त्याच क्रमानं. रोज अर्धा तास काढला तर दोन महिन्यांत आकडे, वेळ, दिशा, दुखणं आणि जेवण एवढं नक्की बोलता येतं. चिनीसारख्या सुरांच्या भाषेला जास्त वेळ द्यावा लागेल, कारण तिथं ‘विकत घेणं’ आणि ‘विकणं’ दोन्ही ‘माय’, फरक फक्त सुराचा.

‘तिथं राहिलं की आपोआप येते’ हे वाक्य मात्र बेळगावात बसून कुणी कसं लिहू शकतं? १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आपण तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलो. त्याला सत्तर वर्षं होत आली. माझ्या गल्लीतल्या कितीतरी मावश्यांना आजही ‘एष्टु री?’ (किती हो?) याच्या पुढं कानडी येत नाही. त्यांचा काही दोष नाही. शाळा मराठी, भजन मराठी, शेजार मराठी. कानडी बोलायची वेळच आली नाही. परदेशातही हेच होतं. खोलीत आपलीच मुलं, किराणा भारतीय दुकानातून, ऑफिसात इंग्रजी. पाच वर्षं जातात आणि भाषा दारातच राहते. उद्यमबागेतल्या कारखान्यात शेजारच्या मशीनवर कानडी माणूस असला की मात्र आमची पोरं सहा महिन्यांत कानडी बोलतात, कारण त्यांना ती रोज बोलावी लागते.

माझ्या वडिलांना कानडी वाचता येत नव्हतं. जमिनीच्या उताऱ्यावर नाव चुकीचं पडलं, त्यांनी दाखवतील तिथं सही केली, आणि ते दुरुस्त करायला आम्हाला दोन वर्षं हेलपाटे घालावे लागले. आपल्या भागात कागद मराठीतही मिळावेत ही मागणी रास्त आहे आणि मी ती सोडलेली नाही. पण त्या दिवशी कचेरीच्या खिडकीपाशी वडील ज्या चेहऱ्यानं उभे होते, तसं भाच्यानं परक्या देशात उभं राहू नये असं मला मनापासून वाटतं. त्या घटनेनंतर मी कानडी लिपी शिकलो. माझी मराठी त्यानं तसूभरही कमी झाली नाही.

राहिलं हसण्याचं. शनिवारी बैलहोंगलकडचे शेतकरी बाजाराला येतात आणि आमच्या दुकानात मोडक्या मराठीत भाव विचारतात. लिंग चुकतं, वचन चुकतं. इतक्या वर्षांत त्यांना कुणी हसलेलं मला आठवत नाही. वडील अशा गिऱ्हाइकाला आधी बसायला सांगायचे, पाणी द्यायचे, आणि मग भाव सांगायचे, शक्य तेवढा कानडीत.