फ्रिजवरची पाच नावं

आमच्या शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये एक जुना फ्रिज आहे. आत बिअर, सोडा आणि आमच्याकडून गेलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी असते. ते लोणचं तो बर्गरमध्ये घालून खातो, त्यावर मी मत देणार नाही. फ्रिजच्या दारावर काळ्या मार्करनं पाच नावं लिहिलेली आहेत: हार्पर, जज, ओतानी, यामामोतो, बर्न्स. प्रत्येक नावावर आडवी रेघ. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघाला हवे असलेले आणि न मिळालेले हे खेळाडू. पहिलं नाव २०१९ चं, शेवटचं २०२४ चं.

पाचवं नाव पडलं तेव्हा मी तिथेच होतो. तारीख २८ डिसेंबर, शनिवार सकाळ. कचऱ्याचे डबे आत घ्यायला बाहेर आलो, तर याचं गॅरेज उघडं आणि हा फ्रिजसमोर मार्कर घेऊन उभा. आदल्या रात्री उशिरा बातमी आली होती: कॉर्बिन बर्न्सनं ॲरिझोना डायमंडबॅक्सशी सहा वर्षांचा, २१० मिलियन डॉलरचा करार केला. त्या हिवाळ्यात करारातून मोकळ्या झालेल्या पिचरांमध्ये, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांमध्ये, हा सगळ्यात वरच्या रांगेतला. तो जायंट्सकडे येणार, अशी महिनाभर हवा होती. शेजारी एरवी मितभाषी माणूस, आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला. त्या दिवशी मात्र थांबेना. "बेकर्सफील्डचा पोरगा! कॉलेज कुठलं? मोरागाचं सेंट मेरीज! इथून तासभर सुद्धा लागत नाही. आपल्या दारात शिकला आणि वाळवंटात गेला."

खरं सांगायचं तर मलाही लागलं होतं. वीस वर्षं कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये काढल्यावर क्रिकेट रक्तात राहतं, पण संध्याकाळ बेसबॉलची होते. त्या शनिवारी मी कराचा हिशेबही करून पाहिला. कॅलिफोर्नियाचा वरचा आयकर १३.३ टक्के, ॲरिझोनाचा सरसकट अडीच. म्हणजे पैशासाठीच गेला ना, असं म्हणून दोन दिवस बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्या माणसाची कारकीर्द जरा नीट वाचली आणि बरं वाटणं संपलं.

बर्न्सला २०१६ मध्ये मिल्वॉकी ब्रूअर्सनं ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीनं नवे खेळाडू उचलतात तिथे, निवडलं. निवडलं म्हणजे त्यांनी निवडलं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. इथला नियम असा की मुख्य संघात सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत खेळाडू त्या संघाचा, आणि संघाला वाटलं तर तो दुसऱ्या संघाला देऊन टाकता येतो. २०२१ मध्ये त्यानं साय यंग पुरस्कार मिळवला, म्हणजे त्या वर्षीचा नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर. २०२३ च्या सुरुवातीला पगाराचा वाद लवादापुढे गेला. त्यानं मागितले १०.७५ मिलियन, संघ देत होता १०.०१. पाऊण मिलियनचा फरक. सुनावणीत संघाच्या बाजूनं, आदल्या वर्षी प्लेऑफ हुकल्याचं खापर त्याच्या डोक्यावर फोडलं गेलं. तो हरला, आणि बाहेर येऊन त्यानं स्पष्ट सांगितलं की संबंध दुखावलेत. वर्षभरानं ब्रूअर्सनं त्याला बाल्टिमोरला पाठवून दिलं. तेव्हाही कुणी विचारलं नाही.

मग डिसेंबर २०२४ आला. वय तीस. कुठे खेळायला आवडेल, हा प्रश्न धंद्यात आल्यापासून पहिल्यांदाच त्याच्यासमोर आला. त्यानं उत्तर दिलं: घरी. घर ॲरिझोनात, स्कॉट्सडेलला. घरात लहान मुलं.

हे शेजाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "कळतंय. तरी रेघ राहील." हे मला पटलं. राग यायला कारण लागतं, पण राहायला लागत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये दादरहून मामाचा फोन आला. मामा म्हणजे तरुणपणी पावसाळ्यात कांगा लीगच्या चिखलात बॅट आपटलेला माणूस. अजून संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसतो आणि नेटमधल्या पोरांचं फूटवर्क सुधारतो, पोरांनी विचारलेलं नसताना. "ऐकलंस का?" म्हणाला, "तुमच्या यशस्वीनं एनओसी मागितलीय. गोव्याला चाललाय." (यशस्वी खेळला की 'आपला' असतो आणि चुकला की 'तुमचा' होतो. मी अमेरिकेत असूनही.) यशस्वी जयस्वालनं मुंबई क्रिकेट संघटनेकडे ना-हरकत मागितली होती. गोव्याकडून नेतृत्वाची संधी आहे, असं त्याचं म्हणणं होतं. तिकडे अख्खी मुंबई पेटलेली. "मुंबईनं घडवलं त्याला! आझाद मैदानाच्या तंबूत झोपायचा तो! आणि आता मुंबई कमी पडायला लागली?"

मी म्हटलं, मामा, तो त्या तंबूत आला कुठून? उत्तर प्रदेशातल्या भदोहीहून. तिथल्या कुणी म्हटलं का की आमचं पोर मुंबईनं पळवलं?

"तो वेगळा मुद्दा," मामा म्हणाला. मामाकडे सगळे अडचणीचे मुद्दे वेगळे असतात.

अर्जुन तेंडुलकर आणि सिद्धेश लाड २०२२ मध्येच गोव्याला गेले होते, तेव्हा इतका ओरडा झाला नव्हता. पुढे पृथ्वी शॉ महाराष्ट्राकडे गेला, तेव्हा तर अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणजे जाणं हा गुन्हा नाही. आपल्याला हवा असलेला माणूस जाणं हा गुन्हा. हे सॅन फ्रान्सिस्कोतही तसंच आहे, दादरलाही तसंच. मला त्यात लाजण्यासारखं काही वाटत नाही. चाहत्यानं संतापू नये, असं म्हणणाऱ्यानं कधी पाचव्या दिवसाच्या सकाळी रेडिओ लावलेला नसावा. माझा आक्षेप एवढाच की दोन्हीकडे दगड चुकीच्या घरावर पडतात.

आपल्याकडे आयपीएलचा लिलाव असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहला झालेल्या मोठ्या लिलावासाठी प्रत्येक संघाच्या पिशवीत, आधीच राखलेल्या खेळाडूंचा खर्च धरून, सारखेच १२० कोटी होते. ही गोष्ट इथल्या लोकांना सांगितली की ते हेव्यानं बघतात. इथं बेसबॉलमध्ये खर्चावर पक्की मर्यादा नाही, फक्त एका रेषेपुढे दंडाचा कर आहे, आणि लॉस एंजेलिस डॉजर्ससारखा संघ तो कर भरून पुढे जातो. ओतानीला ७०० मिलियन, त्याच महिन्यात यामामोतोला ३२५ मिलियन. शेजाऱ्याच्या फ्रिजवरची दोन नावं एकट्या डॉजर्सनं नेली. तेव्हा चाहत्याच्या बाजूनं बघितलं तर लिलाव बरा, यात शंका नाही.

पण लिलावात खेळाडू काय करतो? मूळ किंमत सांगतो आणि टीव्हीसमोर बसतो. श्रेयस अय्यरनं कोलकात्याला विजेतेपद मिळवून दिलं आणि सहा महिन्यांनी २६ कोटी ७५ लाखांना पंजाबचा झाला. रक्कम डोळे दिपवणारी आहे, मान्य. पण शहर त्यानं निवडलेलं नाही, हातोडा पडला तिथे तो गेला. आणि नाही म्हटलं तर? इंग्लंडच्या हॅरी ब्रूकला दिल्लीनं सव्वासहा कोटींना घेतलं, त्यानं माघार घेतली, दोन वर्षांची बंदी. बर्न्सनं जे केलं तेच. 'तिकडे यायचं नाही' म्हणाला. एकाला २१० मिलियन मिळाले, दुसऱ्याला शिक्षा.

बेसबॉलमध्येही पूर्वी हेच होतं, किंबहुना वाईट होतं. करार संपला तरी खेळाडू मालकाचाच. १९६९ मध्ये सेंट लुईसच्या कर्ट फ्लडला न विचारता फिलाडेल्फियाला धाडलं, तेव्हा तो गेला नाही, सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि १९७२ मध्ये हरला. पण दार किलकिलं झालं होतं. डिसेंबर १९७५ मध्ये अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या बाजूनं लवाद पीटर साइट्झनं निकाल दिला आणि खेळाडू मोकळे झाले. दोघेही पिचर. पाठीशी खेळाडूंची संघटना होती. आपल्याकडे सध्या खेळणाऱ्या क्रिकेटपटूंची अशी संघटना नाही. जी आहे ती निवृत्तांची. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, "युनियन झाली की गिरण्या बंद पडतात." मूळचा परळचा माणूस. त्याच्याशी या विषयावर वाद घालायचा नसतो.

माझी बाजूही सांगून टाकतो, कारण मी इथं तटस्थ पंच नाही. एच-वन-बी व्हिसाची मुदत सहा वर्षं. पुढे ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं राहिलात तर वाढते, पण जन्म भारतातला असेल तर ती रांग फार हळू सरकते. पहिल्या कंपनीत मी सात वर्षं काढली. काम आवडत होतं म्हणून नव्हे. अर्ज त्यांच्या हातात होता, आणि कंपनी बदलली तर अर्धी प्रक्रिया पहिल्यापासून. साहेबाला हे ठाऊक होतं. पगारवाढीच्या मीटिंगमध्ये तो खुर्चीत मागे रेलून बसायचा, ते रेलणं अजून आठवतं. बेसबॉलमध्ये संघ सेवेचे दिवस मोजतात. १७२ दिवस भरले की एक वर्ष. २०१५ मध्ये शिकागो कब्जनं क्रिस ब्रायंटला सुरुवातीचे काही दिवस खालच्या संघात ठेवलं आणि त्याचे भरले १७१. एका दिवसानं त्याचं स्वातंत्र्य वर्षभर लांबलं. ही गोष्ट वाचताना इथल्या कुठल्याही देशी इंजिनीअरला समजावून सांगावं लागत नाही. आम्ही सगळे दिवस मोजलेले लोक.

आणि सातव्या वर्षी मी नोकरी बदलली, तेव्हा तोच साहेब म्हणाला, "आम्ही तुझ्यासाठी इतकं केलं." मामाचं वाक्य, फक्त इंग्रजीत.

ज्या गावात हे लिहितोय तिथं निष्ठेवर बोलणं जरा अवघडच आहे. आम्ही खाडीच्या पूर्वेकडचे. खरं तर आमचा संघ ओकलंड ए'ज. जायंट्स पलीकडच्या किनाऱ्यावरचे. ओकलंडचे बास्केटबॉलवाले वॉरियर्स २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेले, अमेरिकन फुटबॉलवाले रेडर्स २०२० मध्ये लास व्हेगसला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ए'जनी ओकलंडच्या कोलिझियम मैदानावरचा शेवटचा सामना खेळला. सत्तावन्न हंगाम त्या गावात काढून संघ सॅक्रामेंटोला निघून गेला, तिथून पुढे व्हेगसला जाणार. लोकांनी महिनोन्‌महिने 'संघ विका' म्हणून घोषणा दिल्या, काही उपयोग झाला नाही. तीन महिन्यांनी एक पिचर आपल्या घराजवळ राहिला, तर स्वार्थी तो. मालक गाव बदलतो तेव्हा त्याला व्यवसाय म्हणतात.

जायंट्सच्या मालकांकडेही पैसा नाही, असं कुणी सांगू नये. २०१०, २०१२, २०१४ ची विजेतेपदं त्यांनी मनसोक्त विकली आहेत. गार्लिक फ्राइजच्या एका पुडीचा भाव बघा. बर्न्ससाठी आणखी काय करता आलं असतं, हा प्रश्न त्यांना विचारायचा. बर्न्सला नाही.

पुढे काय झालं ते मजेशीर आहे. जायंट्सनी बर्न्सऐवजी जस्टिन व्हर्लँडरला एका वर्षासाठी आणलं, वय बेचाळीस होत आलेलं. त्याला पहिला विजय मिळायला जुलैचा शेवटचा पंधरवडा उजाडला. तिकडे बर्न्सच्या कोपरानं जूनमध्ये दगा दिला. टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, म्हणजे कोपरातला फाटलेला बंध बदलायचा आणि वर्षभर बसून राहायचं. त्याचे अकरा सामने झाले होते. ज्यांनी डिसेंबरमध्ये कपडे फाडले होते तेच लोक ऑफिसात म्हणू लागले, "बघा, वाचलो! आम्हाला तो नकोच होता." जायंट्सनी हंगाम संपवला ८१ विजय, ८१ पराभव. वाचले ते असे वाचले.

मामाकडेही उलटापालट झाली. मेमध्ये यशस्वीनं विनंती मागे घेतली, तो मुंबईतच राहिला. मामाचा फोन: "म्हटलं नव्हतं? आपला पोरगा आहे तो."

ऑक्टोबरच्या शेवटी यामामोतोनं मात्र शेजाऱ्याचा जीव घेतला. वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या, सहाव्या सामन्यात त्यानं नऊपैकी सहा इनिंग टाकल्या, जिंकला, आणि दुसऱ्या रात्री टोरांटोत सातव्या सामन्याला पुन्हा येऊन शेवटपर्यंत टाकत राहिला. अकराव्या इनिंगला डॉजर्स ५–४ जिंकले. आम्ही गॅरेजमध्ये बघत होतो. शेवटचा चेंडू झाल्यावर शेजारी उठला, फ्रिज उघडला, बिअर काढली, दार लावलं आणि यामामोतोच्या नावाकडे थोडा वेळ बघत उभा राहिला. मला वाटलं, आता रेघ आणखी गडद करणार. त्यानं मार्करला हात लावला नाही. "काय टाकतो रे," एवढंच म्हणाला.

या माणसाबद्दल एक सांगायचं राहिलं. त्याचा थोरला मुलगा सहा वर्षांपूर्वी फीनिक्सजवळ राहायला गेला. इथं घर घेणं परवडेना, तिथं अंगणासकट मिळालं. जायंट्सचा वसंतातला सराव दर वर्षी स्कॉट्सडेललाच होतो, बर्न्सच्याच गावात, तेव्हा मार्चमध्ये शेजारी पंधरा दिवस मुलाकडे जातो, नातवाला खांद्यावर घेऊन सराव बघतो. घराची चावी माझ्याकडे असते. लिंबाच्या झाडाला पाणी घालायचं, पोस्ट आत ठेवायचं आणि गॅरेजमधला फ्रिज चालू आहे ना बघायचं.

गेल्या मार्चमध्ये बघायला गेलो, तर लोणचं संपलेलं होतं. रिकामी बरणी धुऊन फ्रिजवर ठेवली होती, परत भरून देण्यासाठी.