रिकाम्या रकान्याचं कारण मशीनला कोण सांगणार?

बांधकामाच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'माती परीक्षणावर पैसे घालवू नका. आजूबाजूच्या बोअरचे (माती तपासायला जमिनीत घेतलेल्या छिद्रांचे) जुने रिपोर्ट द्या, काही आकडे नसले तरी चालतील. मशीन लर्निंग ते भरून मातीची ताकद अचूक सांगतं.' मी याच कामात आहे, जुन्या आकड्यांवरून शिकून अंदाज सांगणारी अशी मॉडेलं वापरतोही. म्हणूनच गप्प बसवत नाही.

'काही आकडे नसले तरी चालतील.' आकडा का नाही, हे आधी विचारा. खाडीकाठच्या चिखलात पातळ पत्र्याची नळी दाबून नमुना काढतात. माती फारच मऊ असेल तर ती वर ओढताना नळीतून निसटते. नळी रिकामी, तपासणीच्या तक्त्यात त्या खोलीपुढं रकानाही रिकामा. घट्ट मातीचा नमुना मात्र नीट हाती लागतो. म्हणजे हरवतात ते बहुधा सगळ्यात कमजोर थराचेच आकडे. मॉडेल हाती आलेल्या बऱ्या मातीवरून ती जागा भरतं आणि ताकद वाढवून दाखवतं. इमारत मात्र त्या कमजोर थरावरच खचते.

याच्या उलटही घडतं. एसपीटीत, म्हणजे जमिनीत नळी ठोकून मातीचा घट्टपणा मोजायच्या चाचणीत, ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पाडत राहतात आणि ठोके मोजतात. खडक लागला की नळी पुढं सरकत नाही, रिपोर्टात 'रिफ्युजल' लिहितात. फाइल मॉडेलसाठी साफ करताना हा शब्द आकडा नाही म्हणून गळतो. आता एकाच तक्त्यात एक रिकामा रकाना म्हणजे चिखल आणि दुसरा म्हणजे खडक. दोन्हींत सरासरी भरणं धोक्याचं आहे.

'अचूक सांगतं.' कशावर तपासलं? एका बोअरमधला ३ मीटरवरचा नमुना शिकवायला आणि ४.५ मीटरवरचा परीक्षेला ठेवला, तर उत्तर जुळणारच. शेजारचीच माती ती. अख्खे बोअर बाजूला ठेवून, जमल्यास अख्खी साइट बाजूला ठेवून परीक्षा घ्या. मग येणारा आकडा मला दाखवा.

'आजूबाजूचे रिपोर्ट पुरतात.' कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथलं धान्याचं अवाढव्य कोठार ऑक्टोबर १९१३ मध्ये कलून सुमारे २७ अंशांवर थांबलं. मातीची चाचणी झाली होती, तीही त्याच जागेवर, पण पायाच्या पातळीला. वरची चिकणमाती घट्ट निघाली, खालची मऊ होती. हे बोअर घेऊन पाहिलं गेलं ते थेट १९५१ मध्ये. खालच्या थराचा एकही आकडा नसताना कुठलं मॉडेल तो ओळखणार होतं? आपल्या काळ्या मातीत तर मे महिन्यातला रिपोर्ट ऑगस्टमध्ये लागू पडत नाही, पाण्यानं तिची ताकद पार उतरते.

मॉडेल टाकाऊ आहे, असं मी म्हणत नाही. ओलावा आणि लिक्विड लिमिट (किती ओलाव्याला माती पातळ होऊन वाहू लागते तो आकडा) हाती असेल तर प्राथमिक अंदाजाला ते फार उपयोगी पडतं. अंदाजासोबत किती इकडंतिकडं होऊ शकतं, तेही सांगणारं मॉडेल घ्या. ज्या ठिकाणी ही तफावत सगळ्यात मोठी दिसते, तिथंच मी पुढचा बोअर घ्यायला लावतो.