गाणाऱ्याचा गळा आधी, अँप नंतर

तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा जमलेला ब्लूज-कंट्री बँड गल्लीतल्या पबमध्ये वाजवायला उभा राहतो, तेव्हा फसतो तो बहुतेक वेळा पट्टी आणि आवाजाची पातळी यांत. बोटांना जुनी गाणी आठवत असतात. तालमी मात्र सगळ्या गाणी आठवण्यातच खर्ची पडतात, याची चुटपुट लागते.

ही जातकुळी मुळात पबातलीच. लंडनच्या केंटिश टाउनमधल्या टॅली हो या जॅझच्या पबात १९७१ मध्ये एग्ज ओव्हर ईझी हा अमेरिकन बँड वाजवू लागला आणि पब रॉकला, म्हणजे छोट्या पबांत वाजणाऱ्या साध्या रॉकला, तोंड फुटलं. पाठोपाठ ब्लूज आणि कंट्री एकत्र वाजवणारे चिली विली अँड द रेड हॉट पेपर्स आले, डक्स डिलक्स आले. दोन्ही बँड १९७५ मध्ये मोडले. डक्स डिलक्स २००७ मध्ये पुन्हा जमले.

पट्टीचं आधी बघा. वयाबरोबर गाणाऱ्याचे वरचे सूर जातात. मग कुणीतरी सुचवतं, सगळेच अर्धा सूर खाली लावू. गिटारवाल्याला ते सोपं, बाकीच्यांची पंचाईत. हार्मोनिका प्रत्येक पट्टीची वेगळी असते. ई पट्टीतल्या ब्लूजला हार्मोनिकावाला ए ची हार्मोनिका वाजवतो. ई फ्लॅटला गेलात की त्याला ए फ्लॅटची लागते, आणि ती त्याच्या डब्यात असेलच असं नाही. पेडल स्टीलची, म्हणजे आडव्या ठेवून पेडलने सूर बदलायच्या गिटारची, तर बातच सोडा. दहा तारा, तीन पेडल, चार-पाच गुडघ्याचे लिव्हर, आणि कोणत्या पेडलने कोणती तार किती ताणायची ते एकेक करून बसवलेलं. तारा ढिल्या केल्या की ती सगळी जुळणी बिघडते. म्हणून सरळ ई वरून डी वर या. हार्मोनिका जी ची, ती प्रत्येकाकडे असते. स्टीलवाला फ्रेट (तारेवरची जागा) बदलून निभावतो. गिटारवाल्याने आणि बेसवाल्याने फक्त खालची ई तार डी वर उतरवायची. त्या तारेवरची बोटं दोन घरं पुढे सरकतात, तेवढ्यासाठी तालीम हवी.

आता अँप, म्हणजे गिटारचा अँप्लिफायर. जुना ८५ वॉटचा ट्विन रिव्हर्ब पबात आणू नका. २२ वॉटचा डिलक्स रिव्हर्ब पुरतो. पॉवर चौथाई झाली तरी आवाज सहाच डेसिबलने उतरतो, पण ब्लूजला हवा असलेला व्हॉल्व्हचा (अँपमधल्या काचेच्या नळ्यांचा) खरखरीतपणा लवकर मिळतो. अँप खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा. जमिनीवर असला की स्पीकरचा तीक्ष्ण आवाज वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांवर जातो, त्याला ऐकू येत नाही, तो नॉब फिरवतो आणि पहिल्या टेबलावरच्यांचे कान किटतात.

पातळी ठरवायचा क्रम असा: ड्रमला माइक नको, आणि कंट्रीच्या ट्रेन बीटला (आगगाडीसारख्या धावत्या ठेक्याला) काठ्यांऐवजी ब्रश वापरा. मग गाणाऱ्याचा माइक शिट्टी मारायच्या (फीडबॅकच्या) बेतापर्यंत चढवा आणि तीन डेसिबल मागे घ्या. हीच त्या खोलीची कमाल मर्यादा. गिटार, स्टील, बेस सगळं त्याखाली बसवा. गाण्याच्या माइकवर १०० हर्ट्झखालचं कापून टाका. मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, माइकला सर्वात कमी ऐकू येईल तिथे ठेवा: माइक कार्डिऑइड (पाठीमागचं न ऐकणारा) असेल तर बरोबर त्याच्या पाठीमागे, सुपरकार्डिऑइड (मागे थोडं बाजूचं न ऐकणारा) असेल तर थोडा बाजूला. हार्मोनिकाचा बुलेट माइक (ओंजळीत धरायचा गोलसर माइक) थेट छोट्या अँपमध्ये जाऊ दे, मॉनिटरमध्ये अजिबात नको. हाताच्या ओंजळीतला तो माइक पहिल्यांदा शिट्टी मारतो. रिकाम्या खोलीत आवाज टोचला म्हणून ट्रेबल फार कमी करू नका. माणसं भरली की ती तो शोषून घेतात.

मुंबईत मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज ऐकलेल्यांना मोठ्या पी. ए.ची (श्रोत्यांसाठीच्या ध्वनियंत्रणेची) सवय असते. पबात मोठ्या आवाजाने काहीच साधत नाही, उलट शब्द हरवतात, आणि कंट्री गाण्याचा जीव शब्दांत असतो.

इंग्लंडमध्ये आणखी एक भानगड. लाइव्ह म्युझिक अ‍ॅक्ट २०१२ नंतर दारूचा परवाना असलेल्या पबला सकाळी ८ ते रात्री ११ या वेळेत, ५०० श्रोत्यांपर्यंत, संगीतासाठी वेगळा परवाना साधारणपणे लागत नाही. पण शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे अनेक पबांत साउंड लिमिटर, म्हणजे आवाज ठरलेल्या पातळीवर गेला की वीज तोडणारं यंत्र, असतो. दिवा लाल राहिला की काही सेकंदांत स्टेजचे सॉकेट बंद. डिजिटल मिक्सर असेल तर तो पुन्हा सुरू होईपर्यंत सगळे गप्प उभे. लिमिटरला बहुधा स्नेअरचाच (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचा) ठोका लागतो, म्हणून साउंड चेकमध्ये पूर्ण जोराचा रिमशॉट (कातडं आणि कडा एकदम वाजवणारा ठोका) मारून बघा, आणि दिवा पेटला तर स्नेअरवर रुमाल टाका. ९ ला सुरुवात, पाऊण तासाचे दोन सेट, मध्ये वीस मिनिटं: १०.५० ला शेवटचा कॉर्ड.