टॅक्सीवर नगरपालिकेचा अंमल किती असावा?

प्राध्यापकांनी बोलता बोलता एक विधान केले आणि कट्ट्यावरची ती संध्याकाळ त्यातच गेली. त्यांचे म्हणणे असे की, नगरपालिकांनी टॅक्सीच्या धंद्यात लक्ष घालण्याचे दिवस आता संपले आहेत. गाडी कोणती, चालक कोण आणि भाडे किती हे प्रवाशाला फोनवर आधीच दिसत असताना बिल्ले वाटणारे आणि मीटरला सील लावणारे खाते पोसायचे कशासाठी? तात्यांनी आयुष्यातील उमेदीची वर्षे टॅक्सी चालवण्यात घालवली आहेत, त्यामुळे ते गप्प बसणे शक्यच नव्हते. "भाडे दिसते ते तुम्ही घरात बसून गाडी मागवता तेव्हा," ते म्हणाले. "रात्री स्टेशनाबाहेर हात दाखवून गाडी थांबवता, तेव्हा काय दिसते? समोर येईल ती गाडी आणि आत बसलेला अनोळखी माणूस. त्या वेळी तुमच्या बाजूने फक्त मीटर आणि बिल्ला असतो."

वकीलसाहेबांनी येथे एक भेद स्पष्ट केला, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या चर्चेचा पाया तोच ठरला. रस्त्यावर हात दाखवून किंवा थांब्यावरून घेतलेली टॅक्सी आणि आगाऊ नोंदवून मागवलेली गाडी हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. इंग्लंडच्या कायद्याने त्यांचे परवानेही वेगळे ठेवले आहेत. तेथील नगरपालिका पहिल्या प्रकारच्या टॅक्सीचे कमाल भाडे ठरवू शकते. दुसऱ्या प्रकारच्या गाडीच्या भाड्यावर तिला अधिकार नाही. गाडी मागवणारा माणूस चार ठिकाणी विचारपूस करू शकतो, पण पावसात रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस पहिली टॅक्सी सोडून दुसरीची वाट पाहत भावांची तुलना करत नाही. त्यामुळे स्पर्धा असूनही भाव उतरत नाहीत.

प्राध्यापकांना हे पूर्णपणे पटले नाही. भाव उघडपणे लिहिलेले असले की पुरे, असे ते म्हणाले. त्यावर बाईंनी स्वीडनचे उदाहरण काढले. (बाई निवृत्त शिक्षिका आहेत आणि त्यांच्याशी वाद घालताना प्राध्यापकही आवाज खाली ठेवतात.) स्वीडनने 1990 मध्ये टॅक्सीची संख्या आणि भाडे या दोन्हींवरील बंधने उठवली. गाड्या वाढल्या, पण भाडे ज्याचे त्याने ठरवायचे असल्यामुळे एकाच थांब्यावर उभ्या असलेल्या दोन टॅक्सींच्या दरांत मोठी तफावत पडू लागली आणि त्याचा फटका मुख्यतः परक्या, नवख्या प्रवाशांना बसला. शेवटी गाडीच्या काचेवर दरपत्रक लावणे सक्तीचे झाले आणि त्यावर 10 किलोमीटर अंतराच्या, 15 मिनिटांच्या प्रवासाचे तुलनात्मक भाडे लिहावे लागते. प्राध्यापक म्हणाले, "बघा, एक कागद चिकटवून काम भागले." तात्यांचा प्रश्न होता की, विमानातून मध्यरात्री उतरलेला, दोन बॅगा आणि एक झोपलेले मूल सांभाळणारा माणूस रांगेतील प्रत्येक काच वाचत फिरणार आहे का? मला वाटते, प्राध्यापकांची अडचण याहून मूलभूत होती. अमुक अंतराचे भाडे अमुक पद्धतीने लिहाच, हासुद्धा सरकारी नियमच आहे, आणि तो त्यांनी स्वतःच्या बाजूचा पुरावा म्हणून पुढे केला होता.

खरी खडाजंगी झाली ती संख्येवरून. टॅक्सी किती असाव्यात हे नगरपालिकेने ठरवावे का? ही कल्पना मोटारीपेक्षा कितीतरी जुनी आहे. लंडनमधील भाड्याच्या घोडागाड्या 300 पेक्षा अधिक असू नयेत, असा आदेश 1654 मध्येच निघाला होता. या कल्पनेचा सर्वांत मोठा प्रयोग मात्र न्यूयॉर्कने केला. मंदीच्या काळात बेकार झालेली माणसे मिळेल ती गाडी घेऊन टॅक्सी चालवू लागली, भाडी कोसळली, चालकांचे पोट भरेना, म्हणून 1937 च्या हास कायद्याने परवान्यांची संख्या गोठवण्यात आली. गाडीच्या बॉनेटवर ठोकलेला तो धातूचा बिल्ला, म्हणजे मेडॅलियन, तेव्हा 10 डॉलरला मिळत होता. महायुद्धानंतर ही संख्या 11,787 वर आली आणि सुमारे अर्धशतक तेथेच राहिली. शहर वाढत गेले, बिल्ले वाढले नाहीत, आणि बिल्ला विकता येत असल्यामुळे त्याची किंमत चढत गेली. 2014 च्या सुमारास एका बिल्ल्याला दहा लाख डॉलरहून अधिक भाव येत होता.

"हा माणूस टॅक्सी चालवण्यास लायक आहे, एवढेच सांगण्यासाठी सरकारने दिलेली वस्तू तारण ठेवून लोक कर्ज काढू लागले," प्राध्यापक म्हणाले, "आणि याला तुम्ही नियमन म्हणता?" त्यांचा हा मुद्दा मला बिनतोड वाटला. अर्थात त्यांनी सांगितलेली गोष्ट अर्धीच होती आणि उरलेली तात्यांनी पूर्ण केली. बिल्ल्यांचा भाव चढवण्यात खुद्द शहराचाही हात होता. 2004 ते 2014 या काळात शहराने नवे बिल्ले लिलावात विकून तिजोरी भरली, आणि ते घेणाऱ्यांमध्ये परदेशातून आलेले, आयुष्याची बचत ओतणारे चालक मोठ्या संख्येने होते. त्याच सुमारास अॅपवरून मागवल्या जाणाऱ्या गाड्या आल्या. त्यांना बिल्ला लागत नव्हता. भाव कोसळले, कर्जे मात्र तेवढीच राहिली, आणि 2018 मध्ये काही चालकांनी आत्महत्या केल्या. 2021 मध्ये चालकांनी उपोषण केल्यावर शहराने हमी दिली आणि कर्जाची मुद्दल 1,70,000 डॉलरपर्यंत खाली आणण्याची तडजोड झाली. तात्या म्हणाले, "दार बंद ठेवण्याचे वचन देऊन तुम्ही तिकीट विकले आणि मग मागची भिंत पाडली. आत बसलेल्याने काय करावे?"

पुढची गंमत अशी की, त्याच न्यूयॉर्कने 2018 मध्ये अॅपच्या गाड्यांच्या नव्या परवान्यांवरही मर्यादा घातली. कारण रस्ते तुंबले होते आणि चालकांची कमाई 1937 च्या आधी घसरली होती तशीच पुन्हा घसरली होती. म्हणजे संख्येचा प्रश्न काल्पनिक नव्हता. येथे प्राध्यापकांची थोडी पंचाईत झाली. रस्त्यावरील गर्दीसाठी शुल्क आकारावे, गाड्यांची संख्या बांधू नये, असे उत्तर त्यांनी दिले. ते तर्काला धरून आहे. मात्र प्रवाशाच्या शोधात दिवसभर फिरणाऱ्या रिकाम्या टॅक्सीचे काय करायचे आणि ते शुल्क अखेर चालकाच्याच खिशातून जाणार नाही हे कशावरून, याचा खुलासा त्यांनी केला नाही.

वकीलसाहेबांनी आयर्लंडची हकिकत सांगितली, ती या वादात सर्वांत उपयोगी होती. डब्लिनमध्येही परवान्यांवर मर्यादा होती, परवाने मोठ्या किमतीला हातोहात विकले जात आणि शनिवारी रात्री टॅक्सीसाठी तासन्‌तास रांगा लागत. 2000 साली न्यायालयाने ही मर्यादा बेकायदा ठरवली आणि काही आठवड्यांतच पात्र असणाऱ्या कोणालाही परवाना खुला झाला. दोन वर्षांच्या आत डब्लिनच्या टॅक्सी सुमारे तिप्पट झाल्या आणि रांगा आटोक्यात आल्या. दुसरीकडे, ज्यांनी कर्ज काढून परवाना घेतला होता त्यांच्या हाती रद्दी उरली. सरसकट भरपाई मिळाली नाही. फक्त अत्यंत हलाखीत सापडलेल्यांसाठी एक समिती नेमून मर्यादित रक्कम देण्यात आली. पुढे चालक इतके झाले की कोणालाच पुरेसे काम मिळेना, आणि 2010 पासून व्हीलचेअर चढवता येणाऱ्या गाड्या सोडून नवे परवाने देणे थांबवण्यात आले. दोन्ही बाजूंना या गोष्टीत आपापला विजय दिसला. मला त्यातून एवढेच ठामपणे म्हणावेसे वाटते की, संख्या मर्यादित ठेवायची की नाही हे शहराच्या रस्त्यांवर आणि काळावर सोडता येईल, पण परवाना विकण्याची मुभा कधीच असू नये. तो विकता येऊ लागला की त्याचे मालक तयार होतात, मालकांचे हित गाड्या कमी राहण्यात असते, आणि नंतर संख्या वाढवण्याचा प्रत्येक प्रस्ताव कोणाच्या तरी संसारावर घाला ठरतो.

लंडनची रीत याबाबत निराळी आहे. तेथे आज काळ्या टॅक्सींच्या, म्हणजे रस्त्यावर हात दाखवून थांबवता येणाऱ्या टॅक्सींच्या, संख्येवर मर्यादाच नाही. अडथळा आहे तो परीक्षेचा. लंडनच्या मध्यावरील चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातील सुमारे 25,000 रस्ते आणि त्यांवरील महत्त्वाची ठिकाणे तोंडपाठ करून तोंडी परीक्षा द्यावी लागते. 1865 पासून चालत आलेल्या या परीक्षेला 'नॉलेज' म्हणतात आणि तिच्या तयारीत साधारणपणे तीन-चार वर्षे जातात. उपग्रहावरून रस्ता दाखवणारे यंत्र आल्यावर ही निव्वळ हौस उरली आहे, असे प्राध्यापकांचे मत पडले. तात्यांना ते लागले. वाट दाखवणाऱ्या यंत्राला पुढे मिरवणूक आहे हे कळत नाही, असे ते म्हणाले. माझ्या मते या परीक्षेचा उपयोग रस्ते पाठ असण्यापुरता नाही. ज्याने परवान्यासाठी चार वर्षे दिली आहेत तो एका प्रवाशाला लुबाडण्यासाठी तो परवाना धोक्यात घालण्याआधी विचार करतो, आणि ही गुंतवणूक दुसऱ्याला विकून टाकता येत नाही. अर्थात ज्याला चार वर्षे थांबणे परवडत नाही त्याच्यासाठी हे दार बंदच असते, हे बाईंनी लक्षात आणून दिले ते योग्यच होते.

वाहनाबद्दल फारसा वाद झाला नाही. ब्रेक, टायर, विमा, ठरावीक मुदतीने तपासणी यांना कोणाचाच विरोध नव्हता. लंडनच्या टॅक्सीने सुमारे 25 फुटांत वळले पाहिजे या नियमाची प्राध्यापकांनी थोडी थट्टा केली, कारण त्यामुळे एक-दोनच कारखान्यांच्या गाड्या त्या व्यवसायात टिकू शकल्या. पण 2000 सालापासून लंडनची प्रत्येक काळी टॅक्सी व्हीलचेअर घेऊ शकेल अशीच असावी लागते, आणि बाजारावर सोडले असते तर हे झाले नसते, हे त्यांनीही मान्य केले.

चालकाच्या चारित्र्याचा विषय निघाला तेव्हा सर्वांचाच सूर बदलला. बाईंनी रॉदरहॅमचा उल्लेख केला. इंग्लंडमधील या गावात अनेक वर्षे मुलींचे लैंगिक शोषण होत राहिले आणि त्यात काही टॅक्सीचालकांचाही हात होता, हे 2014 च्या चौकशी अहवालातून उघड झाले. परवाने देणाऱ्या नगरपालिकेकडे तक्रारी येत होत्या, तरी परवाने चालू राहिले. कायद्याने चालक 'योग्य व लायक व्यक्ती' असल्याची खात्री नगरपालिकेने करून घ्यायची होती. तिने ती केली नाही. 2015 मध्ये सरकारने तिचा कारभार आपल्या आयुक्तांच्या हाती दिला आणि नंतर तेथील नियम फार कडक झाले. गाडीत कॅमेरा बसवणेही सक्तीचे झाले. बाईंचे म्हणणे असे की, प्रवाशांनी अॅपवर चालकाला दिलेले तारे ही तपासणी करू शकत नाहीत. तारे देणारा प्रवासी घरी सुखरूप पोचलेला असतो, आणि जिच्यावर अत्याचार झाला ती मुलगी बहुधा कोठेच काही लिहीत नाही. यावर प्राध्यापकांनी प्रतिवाद केला नाही.

वकीलसाहेबांनी मात्र या कडक नियमांतील छिद्र दाखवले. 2015 च्याच एका कायद्याने इंग्लंडमधील आगाऊ नोंदणीच्या गाड्यांचे काम एका गावच्या, नोंदणी घेणाऱ्या व्यावसायिकाला दुसऱ्या गावच्या व्यावसायिकाकडे सोपवता येऊ लागले. चालकाने परवाना कोठून घ्यावा यालाही अटकाव नव्हता. परिणामी जेथे परवाना लवकर आणि स्वस्त मिळतो तेथून तो घ्यायचा आणि काम स्वतःच्या गावात करायचे, ही रीत पडली. वुल्व्हरहॅम्प्टन या शहराच्या परवान्यावर चालणाऱ्या गाड्या दूरदूरच्या शहरांत दिसतात. रॉदरहॅमने कॅमेरा सक्तीचा केला तरी शेजारच्या परवान्यावर तेथे धावणाऱ्या गाडीला तो नियम लागू होत नाही. एका ठिकाणी नाकारलेल्या चालकाने ती गोष्ट लपवून दुसरीकडे परवाना मिळवू नये म्हणून 2022 च्या कायद्याने नाकारलेल्या आणि रद्द केलेल्या परवान्यांची सामायिक नोंद सक्तीची केली, ही एक सुधारणा झाली.

यावर उपाय काय, याबद्दल मतभेद झाले. प्रवासाची सुरुवात किंवा शेवट परवाना देणाऱ्या गावातच झाला पाहिजे असा नियम करावा, असे बाई म्हणाल्या. तात्यांचा याला विरोध होता, कारण हद्दीपलीकडे सोडलेल्या प्रवाशानंतर गाडी रिकामी परत आणावी लागते आणि तेलाचा खर्च चालकाच्या माथी पडतो. चारित्र्यतपासणीचे आणि वाहनाचे किमान नियम देशभर एकच असावेत, आणि गाडी ज्या गावात उभी आहे तेथील अधिकाऱ्याला, परवाना कोणाचाही असो, ती थांबवून तपासण्याचा अधिकार असावा, हा वकीलसाहेबांचा प्रस्ताव सर्वांना मान्य झाला. प्राध्यापकांनी लगेच पैशांचा प्रश्न काढला. परवान्याचे शुल्क एका गावच्या तिजोरीत जमा होते आणि तपासणीचा खर्च दुसऱ्या गावाला करावा लागतो. मग तो अधिकारी नेमणार कोण? फेऱ्या जेथून सुरू होतात त्या प्रमाणात शुल्क वाटून द्यावे, असे त्यांनी सुचवले. फेऱ्यांची नोंद व्यावसायिकाकडे असते, आणि तो तिसऱ्याच गावात बसलेला असू शकतो, असे वकीलसाहेब म्हणाले. मग ती नोंद मागण्याचा अधिकार आधी द्या, बाकीचे नंतर बघू, असे तात्या म्हणाले, आणि प्राध्यापकांनी त्या संध्याकाळी पहिल्यांदाच नगरपालिकेला एक जादा अधिकार देण्यास होकार दिला.