मवाळ गटातले मासे

टाकीत पाळायच्या आफ्रिकन सिक्लिडांत, म्हणजे आफ्रिकेतल्या सरोवरांतल्या रंगीत माशांत, जहाल आणि मवाळ असे दोन पक्ष आहेत. जहालांचा पुढारी मलावी सरोवरातला ऑरॅटस. तो काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबालाही सोडत नाही. मवाळांत पिवळाधमक यलो लॅब, निळे-जांभळे पीकॉक आणि टांगानिका सरोवराचे, शंखांत बिऱ्हाड करणारे बोटाएवढे मल्टी. दुकानदार यांना ‘एकदम शांत’ म्हणून खपवतो. खरं तर मवाळ मासा शांत राहतो तो त्याच्या सगळ्या मागण्या मान्य झाल्यावरच.

पहिली मागणी पाण्याची, आणि गोवेकर तिथेच अडकतो. जांभ्या जमिनीतलं आमचं विहिरीचं पाणी मऊ आणि आम्लधर्मी. मलावीकरांना पीएच हवा ७.८ ते ८.६, टांगानिकाकरांना त्याहून थोडा वरच. मग शेजारचे काका सुचवतात, “समुद्र दारात आहे, दोन बादल्या ओत की!” ओतू नये. ही सरोवरं गोड्या पाण्याची आहेत. पाणी जड असणं, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असणं, वेगळं आणि खारट असणं वेगळं. खरा उपाय स्वयंपाकघरात आहे. तिसऱ्यांचं सुकं झालं की शिंपले उकळायचे, घासायचे, फोडायचे आणि जाळीच्या पिशवीतून फिल्टरमध्ये ठेवायचे. पाणी आम्लधर्मी असेतो ते विरघळतात, पीएच चढला की आपोआप आवरतं घेतात. एवढं समजूतदार सामान टाकीत दुसरं नाही. घाई असेल तर खाण्याचा सोडा: २०० लिटरला एक लहान चमचा, म्हणजे केएच (पीएच स्थिर ठेवणाऱ्या कार्बोनेटांचं माप) सुमारे १ अंशाने वाढतो. एका दिवसात याहून जास्त नको. चढत्या पीएचबरोबर माशांच्या घाणीतला अमोनियाही जास्त विषारी होतो, म्हणून नवी टाकी मासे न घालता, नुसतं चिमूटभर खाद्य टाकत, चार ते सहा आठवडे चालवून फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू रुजू द्यावेत. आणि अंगणातला जांभ्याचा चिरा उचलून आत ठेवायचा मोह टाळावा. त्याचा लाल भुगा सुटतो, पाणी मात्र जड होत नाही.

दगड ठेवायचे ते आधी काचेच्या तळावर, वाळू नंतर. उलट केलंत तर हे उकरे मासे खालची वाळू उपसतात आणि दगड काचेवर आदळतो.

दुसरी मागणी लोकसंख्येची. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत सुमारे २५० लिटर पाणी मावतं. तिच्यात दोनच लॅब सोडले तर एक दिवसभर दुसऱ्यामागे धावतो. आठ-दहा सोडले तर राग वाटला जातो. हिशोब एका नरामागे तीन माद्यांचा. पण पिल्लांत नर-मादी ओळखू येत नाही, तेव्हा आधी जास्त आणावीत आणि दादागिरी करणारे नर पुढे काढावेत. पीकॉकची मात्र एकच जात ठेवा. सगळ्या जातींच्या माद्या सारख्याच मळकट, आणि सोयरीक जमवताना नर जात बघत नाहीत. नवा मासा सोडताना दिवा मालवून सगळे दगड हलवावेत, म्हणजे जुन्या रहिवाशांचेही सातबारे रद्द होतात.

लॅबची मादी अंडी आणि पिल्लं तीनेक आठवडे तोंडात सांभाळते. तेवढे दिवस गळा फुगलेला आणि जेवण जवळजवळ बंद. घरातलं कोणीतरी लगेच औषधाची बाटली शोधायला लागतं. बाटलीच लपवून ठेवावी.

पावसाळ्यात पहिला ढग दिसला की वीज जाते, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप हवाच. वीज बराच वेळ गेली असेल तर कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरच्या बंद डब्यातला) तसाच चालू करू नये. आत कोंडलेलं घाण पाणी फेकून, स्पंज टाकीतल्याच पाण्यात खळबळून मग बटण दाबावं.

एवढं करून पाहुणा विचारतो, “हे खातात काय?” नाही म्हणावं. आपलं ताटातलं काळुंद्र याच कुळातलं, हे मात्र चुकूनही सांगू नये; तो घरात रवा आहे का विचारतो.