सरांची माटोळी

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आठ दिवस असताना सर गेले. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला, खाली ओळीने हात जोडलेले, मला बघवेना म्हणून फोन उपडा ठेवला. आता चवथ झाली, पाहुणे गेले, घर शांत झालंय, तेव्हा लिहायला बसलेय. लांबलं तर लांबू दे.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या मराठी प्राथमिक शाळेत सर होते. दोन खोल्या, चार इयत्ता, मागे ओढा. सरांच्या शर्टाचा खिसा कायम फुगलेला असायचा. एकदा त्यातून त्यांनी माट्टीचं फळ काढलं, वाळलेलं, खरखरीत, पाच पंखांचं. माट्टी हा तेव्हा गोव्याचा राज्यवृक्ष, पण हे त्यांनी आधी सांगितलं नाही. मला बाकावर उभं केलं, एका हातात खडा, दुसऱ्या हातात ते फळ, आणि दोन्ही एकदम सोड म्हणाले. खडा टप्पकन पडला आणि फळ खिडकीतल्या वाऱ्याने तरंगत दाराशी गेलं. "पांय नासले तरी झाड खंय पावता पळय," सर म्हणाले, पाय नसले तरी झाड कुठे पोचतं बघ. शिकवायचे मराठीत, पण झाडापानांचं काही बोलायचं झालं की कोकणीच तोंडात यायची त्यांच्या.

चवथ जवळ आली की एकच गृहपाठ, माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या लाकडी चौकटीला, काय काय फळं-पानं बांधतात ते घरी विचारून या आणि कुणाला विचारलं त्यांचं नाव लिहा. माझी आजी शाळेची पायरी कधी चढलेली नव्हती. तिने चुलीपुढे बसून सांगत सांगत मला चौदा नावं लिहायला लावली, आंबाडे, तोरिंगण, कांगलां, घागऱ्यो, कवंडाळ... आणि कवंडाळाला दोनदा बजावलं, हे बांधायचं, खायचं नाही. सरांनी वही वाचली आणि दुसऱ्या दिवशी आजीलाच शाळेत बोलावलं. ती धुवट कापड नेसून आली, दारातच थांबली. सरांनी स्वतःची खुर्ची पुढे केली आणि आपण आमच्याबरोबर खाली बसले. आजीने घागऱ्यांची सुकी शेंग कानाशी धरून वाजवून दाखवली, एकेका पोराच्या कानाशी नेली. त्या दिवसानंतर आमच्या घरात कुणी आजीला 'तुला काय कळतं' म्हणालं नाही.

मला सरांबद्दल सांगायचंय ते हेच. निसर्गप्रेमी शिक्षक म्हणून त्यांना सगळे ओळखतात, पण त्यांनी आम्हाला निसर्गापेक्षा आधी आमच्या माणसांकडे बघायला शिकवलं. ज्ञान शहरातून पुस्तकात बसून येतं असं वाटायच्या वयात कळलं की ते आपल्या चुलीपाशी बसलंय. माटोळीसाठी रानात न्यायचे तेव्हा एका वेलीचं एकच फळ काढू द्यायचे. पावसात रोयणीवर, म्हणजे वाळवीच्या वारुळावर, अळमी (रानातल्या खायच्या अळंब्या) उगवायची तेव्हा काढून द्यायचे पण रोयण मोडू द्यायचे नाहीत, आत वाळवी त्या बुरशीची शेती करते, घर मोडलंत तर पुढच्या वर्षी काय खाल, असं विचारायचे.

सत्तरीतल्याच बांबर गावी निरंकाराच्या देवराईत आम्ही चपला बाहेर काढून गेलो होतो. चिखलपाण्यातून रान जायफळाची मुळं गुडघ्यासारखी वर आलेली, आणि सर हळू आवाजात सांगत होते, मुळं अशी वर येऊन श्वास घेतात, असा जायफळाचा दलदलीचा पट्टा आता फार थोड्या ठिकाणी उरलाय. इथे देव आहे म्हणून कुणी कोयता लावला नाही. मी वर्षानुवर्षं कितीतरी भाषणं ऐकली, एवढं साधं कुणी सांगितलं नाही.

अशा फेऱ्यांसाठी वरून त्यांना बोलणी बसली होती, शाळेच्या वेळेत पोरांना बाहेर का नेता म्हणून. आणि आज बघा, 5 जूनला पर्यावरण दिनाचा बॅनर लागतो, एक रोप, दहा माणसं, फोटो, आणि ते रोप गणपतीपर्यंत तरी टिकलं का हे कुणी बघायला जात नाही. माझं स्पष्ट मत आहे, रोपं नंतर लावा, आधी प्राथमिकच्या शिक्षकाला आठवड्यातून एक सकाळ पोरांना घेऊन बाहेर जायची मोकळीक द्या.

जानेवारी 2020 मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावलीला चार वाघ विषबाधेने मेलेले सापडले तेव्हा सर निवृत्त झालेले. मी रागाने काहीबाही बोलले गाववाल्यांबद्दल. सरांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, वाघामुळे ज्याची गाय जाते त्याच्या दारात भरपाई घेऊन कोण आणि किती दिवसांनी जातं, ते कुणी बघितलंय का? वाघ गेल्याचं दुःख त्यांना माझ्यापेक्षा जास्त होतं, डोळे भरलेले होते.

सुतकामुळे यंदा त्यांच्याकडे गणपती नव्हता. भेटायला गेले तर घरातल्या चौकात माटोळीची लाकडी चौकट भिंतीला टेकवून ठेवलेली. सरांच्या घरच्या बाईंनी आतून वह्यांचा गठ्ठा आणून दिला, तू ने म्हणाल्या. दरवर्षी एक पान, कुठल्या पोराने काय आणलं, कुणी दाखवलं. माझ्या वर्षीच्या पानावर सरांच्या बारीक अक्षरात माझं नाव, पुढे 'कवंडाळ', आणि पुढे आजीचं पूर्ण नाव, माहेरच्या नावासकट. ते माहेरचं नाव माझ्या मुलांना माहीतच नव्हतं.

वह्या टाइप करायला घेतल्यात. काही नावं पुसट झालीत, वाचता येत नाहीत. सरांकडे शिकलेलं कुणी हे वाचत असेल तर तुमच्या घरी काय म्हणायचे ते कमेंटमध्ये लिहा, आणि कुणी सांगितलं त्यांचं नावही.