जॅडची केप, अठराशे रुपयांत

सकाळी साडेसहाला मेसेज आला, "ताई, सगळं गेलं." खाली एक स्क्रीनशॉट. ओल्ड स्कूल रुनस्केप या ऑनलाइन गेममधली बँक, म्हणजे सामान ठेवायची जागा, आणि त्या बँकेत एक बादली, थोडे कच्चे झिंगे आणि एक जुना ब्रॉन्झचा खंजीर. बाकी सगळे खण रिकामे. आणि कॅरेक्टरच्या पाठीवर लाव्हाच्या रंगाची फायर केप.

किमती वस्तूंपैकी चोरांना तेवढी एकच उपयोगाची नव्हती. कारण ती विकता येत नाही आणि दुसऱ्याला देताही येत नाही.

आमच्या क्लॅनमधला, म्हणजे गेममधल्या आमच्या गटातला पोरगा आहे. एकोणीस वर्षांचा, डिप्लोमाला, हॉस्टेलवर राहतो, फोनवर खेळतो. ही केप जिथे मिळते त्या फाइट केव्ह्ज नावाच्या गुहेत तीन वेळा शेवटपर्यंत गेला आणि तिन्ही वेळा तिथल्या शेवटच्या राक्षसानं, जॅडनं, त्याला मारलं. चौथ्यांदा आत जायचं सोडून त्यानं कुणा "केप सर्व्हिस"वाल्याला, म्हणजे पैसे घेऊन तुमच्या अकाउंटवरून केप मिळवून देणाऱ्याला, यूपीआयनं अठराशे रुपये पाठवले. लॉगिन दिलं, लॉगिनला दुसरा कोड मागणारा ऑथेंटिकेटर काढून टाकला, बँक पिनसुद्धा सांगितला. दुसऱ्या दिवशी केप आली. तिसऱ्या दिवशी बँक साफ.

माझं डोकं फिरलंय, आणि ते आधी त्या पोरावरच फिरलंय. अरे, बँक पिन कशाला असतो? चार आकडे. अकाउंटमध्ये कुणी घुसलंच तरी बँकेला हात लावता येऊ नये म्हणून. पिन ठाऊक नसलेल्याला तो काढून टाकायचा तर तुझ्या सेटिंगप्रमाणे तीन किंवा सात दिवस थांबावं लागतं, म्हणजे तेवढ्यात तुला कळतं की काहीतरी गडबड आहे. ते कुलूप तू स्वतःच्या हातानं उघडून दिलंस. वर अकाउंट दुसऱ्याला खेळायला देणं नियमातच बसत नाही, त्यामुळे केपसकट अकाउंटच बॅन झालं तरी दाद मागायला तोंड नाही.

आणि हे सगळं कशासाठी? फाइट केव्ह्जमध्ये मेलं तर सामान जात नाही! तीन वेळा मेला, पण अंगावरचं सगळं घेऊन बाहेर आला. गेला तो वेळ आणि प्यायलेल्या पोशनच्या बाटल्या. जॅडनं त्याची एक वस्तू घेतली नव्हती. माणसानं सगळी घेतली.

"पैसे टाकून वस्तू घेतल्या तर काय बिघडलं, बाँड नाही का विकत?" असं कुणीतरी म्हणणारच. हो, बाँड विकतात. एक बाँड म्हणजे चौदा दिवसांची मेंबरशिप, आणि तो ग्रँड एक्स्चेंजवर, म्हणजे गेममधल्या बाजारात, विकून सोनं करता येतं, हे मान्य. त्या सोन्यातून ब्लोपाइपसारखं हत्यार घ्या, चिलखत घ्या. पण केप मिळत नाही. २००५ पासून ती त्या ज्वालामुखीतल्या गुहेतच मिळते, राक्षसांच्या ६३ वेव्ह्ज, म्हणजे लाटा, संपवूनच. २०१३ मध्ये खेळणाऱ्यांनी मतं देऊन २००७ चा हा जुना गेम परत आणायला लावला तो अशा गोष्टींसाठीच. पाठीवर केप दिसली की समोरच्याला कळतं, हा माणूस जॅडसमोर उभा राहिलाय. स्ट्रेंग्थचे +४ आणि प्रेयरचे +२ मिळतात ते चांगलंच आहे, पण केपची किंमत त्या आकड्यांत नाही.

आता दुसरा राग, आणि हा आपल्या सगळ्यांवर आहे.

त्या पोरानं तिसऱ्यांदा मेल्यावर क्लॅन चॅटमध्ये व्हिडिओ टाकला होता. चाळीस सेकंदांचा. त्याखाली काय आलं? "रिफ्लेक्स नाहीत." "पीसीवर खेळ." "जाऊ दे, तुझ्यानं नाही होणार." आणि हसणारे दहा चेहरे. एकानंही तो व्हिडिओ नीट पाहिला नाही. आज सकाळी तो पुन्हा काढून पाहिला, थांबवून थांबवून. पोराचे रिफ्लेक्स उत्तम आहेत. तो मेला ते भलत्याच कारणानं.

जॅडनं हल्ला केला, मॅजिकचा. पोरानं वेळेवर प्रोटेक्ट फ्रॉम मॅजिक ही त्या हल्ल्यापासून वाचवणारी प्रेयर लावली, शून्य डॅमेज. जॅडनं पुन्हा तोच हल्ला केला. पोरानं घाईत पुन्हा त्याच प्रेयरवर बोट ठेवलं. आणि लावलेल्या प्रेयरवर पुन्हा टॅप केलं की ती बंद होते! जॅडचा फटका ९७ पर्यंत जातो, पोराचे हिटपॉइंट सत्तरच्या आसपास. खेळ खलास. आधीच्या दोन वेळांचं विचारलं तर म्हणाला, "ताई, तेव्हाही असंच काहीतरी झालं होतं, मला वाटलं फोन हँग झाला."

फोन हँग झाला नव्हता. त्याला एक वाक्य सांगायला हवं होतं: योग्य प्रेयर आधीच लागलेली असेल तर हात लावू नकोस. हे एक वाक्य कुणी बोललं असतं तर अठराशे रुपये वाचले असते आणि बँकही वाचली असती. जीव तुटतो अशानं.

म्हणून आता नीट लिहिते. त्याच्यासाठी, आणि पुढच्या ज्याला लागेल त्याच्यासाठी.

हा गेम टिकवर चालतो. एक टिक म्हणजे ०.६ सेकंद. तुम्ही टिकच्या मध्ये कितीही वेळा बोट आपटा, सर्व्हर त्याचा हिशोब पुढच्या टिकला करतो. जॅड दर आठ टिकला एक हल्ला करतो, म्हणजे ४.८ सेकंद. हा वेळ भरपूर आहे. घाबरल्यावर तो कमी वाटतो, एवढंच. पाय वर घेऊन पुढचे पंजे हवेत लोंबवले तर मॅजिक. पुढचे पाय जमिनीवर आपटले तर रेंज, म्हणजे लांबून मारा, मग वरून दगड पडतो. दोन्हींचे आवाज वेगळे आहेत, तेव्हा फोन म्यूटवर ठेवून जॅडसमोर जायचंच नाही. इअरफोन लावा. आणि त्याला चिकटून उभं राहू नका, हाताशी आलात की तो मेली, म्हणजे जवळचा हल्ला, करतो आणि मग दोन्ही प्रेयर निरुपयोगी.

प्रेयरच्या पानावर प्रोटेक्ट फ्रॉम मॅजिक आणि प्रोटेक्ट फ्रॉम मिसाइल्स शेजारी शेजारी आहेत, डावीकडे मॅजिक, उजवीकडे मिसाइल्स (रेंजसाठी). अंगठा त्या दोघांच्या मधोमध उचलून धरायचा. पाहायचं, एकदाच टॅप करायचं, फटका शून्य पडला हे बघायचं, मग बाटली प्यायची, आणि लगेच प्रेयरच्या पानावर परत. फोनवर खरी गोची इथेच आहे. खायला इन्व्हेंटरी, म्हणजे सोबतच्या सामानाची पिशवी, उघडली की प्रेयरचं पान झाकलं जातं, आणि पुढचा हल्ला येईपर्यंत माणूस तिथेच मासे शोधत बसतो. खाणं-पिणं फक्त हल्ला पडून गेल्यावरच्या मोकळ्या वेळात. हल्ला येताना बघितला आणि इन्व्हेंटरी उघडी असेल तर खाणं विसरा, आधी पान बदला.

पिंगचंही बघा, म्हणजे फोनवरून सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ. दोनशे मिलिसेकंद पिंग म्हणजे टिकचा एक तृतीयांश वाटेतच गेला. वर्ल्ड निवडताना पिंग बघून निवडा, आणि हॉस्टेलच्या वायफायवर सगळे रात्री क्रिकेट बघत असताना जॅडला जाऊ नका. पहाटे जा.

जॅडचा जीव अर्ध्यावर आला की त्याला बरं करणारे चार हीलर येतात. इथे बरेच जण मरतात, कारण नजर हीलरवर जाते. हीलरला मारायची गरज नाही. प्रत्येकाला एकेक बाण मारायचा, तो जॅडला सोडून तुमच्या अंगावर येतो. त्यांचे फटके किरकोळ असतात, सोसा. पण एक बाण, मग जॅडकडे नजर, मग दुसरा बाण. एका दमात चौघांना टिपायला गेलात की मधला हल्ला चुकलाच समजा. दुर्लक्ष केलं आणि जॅड पूर्ण बरा झाला तर पुन्हा अर्ध्यावर आल्यावर नवे हीलर हजर.

हे झालं जॅडचं. पण तिथे पोचताना बाटल्या संपतात ही दुसरी रड. हिशोब एकदा मांडूनच बघा. अंगावर प्रेयर वाढवणारं काही नसेल तर एक प्रोटेक्ट प्रेयर दर तीन सेकंदाला एक प्रेयर पॉइंट खाते. मिनिटाला वीस. प्रेयरच्या ४३ लेव्हलला सगळे पॉइंट दोन मिनिटांत साफ. त्या लेव्हलला प्रेयर पोशनचा एक घोट १७ पॉइंट देतो, बाटलीत चार घोट, म्हणजे ६८. साडेतीन मिनिटंसुद्धा नाहीत. तासभराची गुहा प्रेयर सतत लावून काढायची तर सतरा-अठरा बाटल्या लागतील, आणि इन्व्हेंटरीत जागा अठ्ठावीस. मग खायला काय नेणार?

म्हणून प्रेयर सतत लावायची नाही. गुहेत इटलीच्या नकाशासारखा एक खडक आहे, सगळे त्याला इटली रॉकच म्हणतात. मोठे राक्षस वळसा घालून येत नाहीत, सरळ तुमच्याकडे चालत येतात आणि कोपऱ्यावर अडकतात. १८० लेव्हलचा यट-मेजकॉट खडकामागे अडकवला की तो तिथेच उभा, आणि तुम्ही पलीकडून बाण मारत राहा. प्रेयरचा एक पॉइंट जात नाही. अशा वेव्ह्जमधून वाचवलेल्या बाटल्या शेवटी कामाला येतात.

आणि वेव्ह्ज पाठ करायची गरजच नाही, त्यांचं गणित फार सुंदर आहे. नवा राक्षस येतो तो १, ३, ७, १५, ३१ आणि ६३ या वेव्हला. दर वेळी दुप्पट अधिक एक. लेव्हलसुद्धा २२, ४५, ९०, १८०, ३६०, जवळपास दुप्पट, आणि शेवटी ७०२ चा जॅड. सातव्या वेव्हपासून रेंजवाला, एकतिसाव्यापासून मॅजिकवाला केट-झेक. केट-झेक चाळीसच्या वर मारतो, म्हणून तो दिसताच प्रोटेक्ट फ्रॉम मॅजिक, किंवा सरळ खडकाआड. २२ लेव्हलची ती वटवाघळं कुठल्याही वेव्हमध्ये सगळ्यात आधी मारायची, ती अंगाला लागली की प्रेयर शोषतात. पोरगा त्यांना शेवटी ठेवत होता, "लहान आहेत म्हणून". त्यामुळेच जॅडसमोर पोचेपर्यंत त्याच्याकडे दोन बाटल्या उरायच्या.

मेसची वेळ झाली, फोन तापला, तर लॉगआउट एकदाच दाबा. चालू वेव्ह संपली की गेम बाहेर काढतो आणि नंतर पुढच्या वेव्हपासून सुरू होतं. हेही त्याला माहीत नव्हतं! तिन्ही वेळा बिचारा दीड-दीड तास एका बैठकीला बसला होता, गरम फोन हातात धरून.

पहिल्या तीस वेव्ह्ज कंटाळवाण्या आहेत आणि जॅडनं मारल्यावर परत पहिलीपासून, हे निर्दयी आहे, मी नाही म्हणत नाही. कामधंदा असलेल्या माणसाला तो तास काढणं जड जातं. पण म्हणून पासवर्ड द्यायचा?

पोराला सकाळी सगळ्यात आधी करायला लावलं ते हे. आधी ईमेलचा पासवर्ड बदलायचा, गेमचा नंतर. उलटं केलं तर काही उपयोग नाही, कारण गेमचा नवा पासवर्ड ईमेलवरूनच रीसेट होतो आणि ईमेल त्यांच्या हातात असेल तर ते पुन्हा घुसणार. मग सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट. मग नवा ऑथेंटिकेटर, बॅकअप कोड वहीत लिहून. मग नवा बँक पिन, जन्मसाल सोडून दुसरा काहीही. त्यानं जुन्या पिनला जन्मसालच टाकलं होतं.

रागावले खूप, पण फोनवर त्याचा आवाज ऐकल्यावर पुढे बोलवेना. म्हणाला, "ताई, केप काढून ठेवलीय. घालवत नाही." मग मी त्याला लेव्हल्स वाचून दाखवायला सांगितल्या. रेंज्ड ७२, प्रेयर ४५, हिटपॉइंट ७१. सगळ्या जागच्या जागी. सोनं नेलं, ब्लोपाइप नेली असती पण त्याला ७५ रेंज्ड लागतं म्हणून त्याच्याकडे ती नव्हतीच. तो रून क्रॉसबोवर खेळत होता, आणि रून क्रॉसबोवर जॅड मरतो. वेळ जास्त लागतो, मरतो मात्र नक्की. प्रेयर ४४ च्या पुढे आहे म्हणजे रेंज्ड वाढवणारी ईगल आय प्रेयरही आहे. अजून काय हवंय?

क्लॅनमधल्यांनो, ज्यांनी त्या व्हिडिओवर हसणारे चेहरे टाकले होते त्यांना आता वस्तू काढायला सांगतेय. एक रून क्रॉसबो, काळ्या ड्रॅगनहाइडचं चिलखत, डायमंड बोल्ट. दहा प्रेयर पोशन, पाच साराडोमिन ब्रू, चार सुपर रिस्टोर, दोन रेंजिंग पोशन, उरलेल्या जागांत खायला शार्क. ब्रूचे तीन घोट घेतले की रिस्टोरचा एक, नाहीतर रेंज्ड खाली जातं, हे त्याला मी सांगितलंय.  दोघांनी आत्ताच होकार दिलाय. बाकीच्यांची वाट बघतेय.

रविवारी पहाटे पाचला तो आत जातोय. त्याआधी जुनी केप गुहेच्या दाराशी त्झहार-मेज-जालला परत देणार म्हणतो, ८,००० टोककुलला (ते तिथलं चलन). मी म्हटलं, राहू दे, तेवढेच प्रेयरचे +२. म्हणाला, "नको ताई, पाठ मोकळी ठेवून जातो."